ताओ युआनमिंगचे अकरा प्रसंग: चेन होंगशौच्या गुंडाळीचित्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे चित्र नेमकं कोणतं?

चेन होंगशौ या चिनी चित्रकाराने १६५० साली रेशमावर रंगवलेली ही आडवी गुंडाळी. उंची साधारण तीस सेंटीमीटर, लांबी तीन मीटरच्या आसपास. शाई आणि अगदी फिके रंग. तिच्यावर अकरा छोटे प्रसंग ओळीने मांडले आहेत आणि अकराही प्रसंगांचा नायक एकच: चित्रकाराच्या सव्वाबाराशे वर्षं आधी होऊन गेलेला कवी ताओ युआनमिंग. प्रत्येक प्रसंगाला दोन अक्षरांचं शीर्षक आणि चित्रकाराच्या हातच्या दोन-चार ओळी आहेत. सध्या ही गुंडाळी हवाई बेटांवरच्या होनोलुलू कलासंग्रहालयात आहे.

ताओवर चीनमध्ये शेकडो चित्रं निघाली. त्यातलं हेच इथे निवडलं, कारण ते कुणी, कुणासाठी आणि कुठल्या परिस्थितीत काढलं याची बरीच माहिती टिकली आहे. ती नसती, तर एक गोड ग्रामीण चित्र म्हणून आपण ते पाहून पुढे गेलो असतो.

ताओ युआनमिंग कोण होता?

रूढ मतानुसार त्याचा काळ इ.स. ३६५ ते ४२७. गाव छायसांग, म्हणजे आजच्या च्यांगशी प्रांतातलं च्यूच्यांग शहर आणि लू पर्वताचा परिसर. पणजोबा पूर्व जिन राज्याचे नामांकित सेनापती होते, पण ताओपर्यंत येईतो घरात नाव उरलं होतं, पैसा नव्हता. म्हणून तो नोकऱ्या धरत आणि सोडत राहिला. शेवटची नोकरी पेंग्झ या तालुक्याच्या अधिकाऱ्याची. ती त्याने इ.स. ४०५ मध्ये जेमतेम ऐंशी दिवसांनी सोडली, गावी परतला आणि पुढची बावीस वर्षं शेती, दारू आणि कविता यांत काढली. पुन्हा बोलावणी आली, तरी गेला नाही.

हयातीत कवी म्हणून त्याला फारसं कुणी विचारलं नाही. सहाव्या शतकात लियांग राज्याचा राजपुत्र श्याओ थोंग याने त्याच्या रचना गोळा केल्या आणि त्याचं चरित्र लिहिलं. त्याच शतकातल्या एका समीक्षकाने कवींच्या तीन प्रती लावल्या, त्यात ताओला मधली प्रत मिळाली! खरा मान मिळाला तो अकराव्या शतकात, सू शीमुळे. सू शी स्वतः मोठा कवी आणि हद्दपार झालेला अधिकारी. त्याने ताओच्या कवितांचीच यमकं धरून शंभराहून जास्त कविता लिहिल्या. तेव्हापासून चीनमध्ये नोकरीला विटलेला प्रत्येक सुशिक्षित माणूस ताओचं नाव घेतो.

(चिनी ताओ पंथाशी त्याच्या नावाचा संबंध नाही. ताओ हे इथे साधं आडनाव आहे.)

त्याने नोकरी सोडली ती का?

दोन उत्तरं आहेत आणि ती जुळत नाहीत.

पाचव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या राजघराण्याच्या इतिहासातलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. वरिष्ठ कचेरीतून एक तपासनीस यायचा होता. कारकुनाने सुचवलं, की साहेब, पट्टा बांधून, नीट पोशाखात त्याला सामोरे जा. ताओ म्हणाला, पाच मापं तांदळासाठी मी असल्या पोरासमोर कंबर वाकवणार नाही. त्याच दिवशी शिक्का परत केला आणि निघाला.

दुसरं उत्तर खुद्द ताओचं. 'घरी परतताना' या आपल्या प्रसिद्ध रचनेच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की घरी पोरं बरीच, रांजणात धान्य नाही, म्हणून नोकरी धरली. पेंग्झ घरापासून जवळ होतं आणि सरकारी जमिनीच्या उत्पन्नातून दारूपुरतं निघत होतं. पण थोड्याच दिवसांत घरची ओढ लागली. स्वभाव आपला, तो मुरड घालून बदलत नाही. तेवढ्यात वूछांगला दिलेली बहीण वारल्याची बातमी आली आणि त्याने नोकरी सोडली. तपासनिसाचा उल्लेखही नाही.

मला दुसरं उत्तर जास्त माणसाचं वाटतं. पण चित्रकारांना हवं होतं पहिलं, आणि चित्रांतून तेच जगभर गेलं.

त्याला शेती जमली का?

नाही जमली. हे तो स्वतःच सांगतो.

गावी परतल्यावर लिहिलेल्या पाच कवितांपैकी पहिलीत सगळं छान आहे: दहाएक मू जमीन, म्हणजे जेमतेम एकरभर, गवताने शाकारलेलं आठ-नऊ खणांचं घर, दारात पीच आणि आलुबुखाराची झाडं, लांब गल्लीत भुंकणारं कुत्रं, तुतीच्या शेंड्यावर आरवणारा कोंबडा. तिसऱ्या कवितेत तो दक्षिणेच्या डोंगराखाली घेवडावर्गी शेंगा लावतो आणि तण माजतं, रोपं विरळ राहतात. पहाटे उठून खुरपायला जातो, चांदण्यात खांद्यावर कुदळ टाकून परततो, वाटेवरच्या उंच गवतातलं दंव कपडे भिजवतं. इ.स. ४०८ मध्ये घर जळालं, तेव्हा कुटुंबाने काही काळ नावेत मुक्काम केला. पुढे एका कवितेत तर तो भुकेने घराबाहेर पडतो, कुठे चाललोय ते न कळता कुणाच्या तरी दाराशी पोचतो, दार ठोठावतो आणि शब्द फुटत नाहीत. घरमालक ओळखतो, जेवू घालतो, दोघे संध्याकाळपर्यंत बोलत बसतात.

मुलांबद्दलची कविता तर जरूर वाचावी. पाच मुलगे आणि एकालाही कागद-कुंचल्याची आवड नाही. थोरला सोळा वर्षांचा आणि अट्टल आळशी. दोघे तेरा वर्षांचे, त्यांना सहा आणि सात ओळखता येत नाहीत. धाकटा नऊचा होत आला, त्याला फक्त नासपती आणि चेस्टनट हवेत. नशिबातच हे असेल तर आणा तो प्याला, असं म्हणून बाप कविता संपवतो.

म्हणजे तो संन्यासी होता का?

अजिबात नाही. आपल्याकडे अशा माणसाला लगेच वैरागी म्हणायची सवय आहे, पण ताओ बायकोमुलांत राहिला, शेजाऱ्यांशी पिकपाण्याच्या गप्पा मारल्या, उधारी केली. शेजारच्या लू पर्वतावर हुईयुआन या नामवंत बौद्ध आचार्यांचा मठ होता. ताओ त्यांच्या मंडळींत सामील झाला नाही. त्याने सोडली ती फक्त सरकारी चाकरी. चीनच्या संदर्भात ही 'फक्त' फार मोठी गोष्ट आहे, कारण तिथे शिकलेल्या माणसाला मान, पैसा आणि समाजातली जागा देणारा रस्ता तो एकच होता.

गुंडाळीवरचे अकरा प्रसंग कोणते?

उजवीकडून सुरुवात करायची. पहिला प्रसंग शेवंती खुडण्याचा. दुसऱ्यात ताओ आपल्या मुलाकडे एक गडी पाठवतो. पेंग्झला असताना त्याने गड्यासोबत चिठ्ठी दिली होती: तुझं रोजचं काम तुला एकट्याला उरकत नसेल म्हणून हा माणूस पाठवतोय, पण हाही कुणाचा तरी मुलगा आहे, त्याला नीट वागव. तिसरा प्रसंग धान्य पेरण्याचा. अधिकारी असताना ताओने फर्मावलं, की सगळ्या सरकारी जमिनीत दारूचं चिकट धान्यच लावा. बायकोने भातासाठी हट्ट धरला, तेव्हा जमिनीचा सहावा हिस्सा भाताला मिळाला. हा तपशील इतिहासकाराने आकड्यांसकट नोंदवून ठेवलाय याची मला गंमत वाटते.

चौथा प्रसंग घरी परतण्याचा. पाचव्यात दारू संपली आहे. सहावा शिक्का परत करण्याचा, म्हणजे राजीनाम्याचा. सातव्यात दारू उधार आणली जाते. या बाबतीत ताओची ख्याती अशी, की यान यानचि या मित्राने वीस हजार नाणी दिली, ती त्याने सरळ दारूच्या दुकानांत जमा करून टाकली आणि लागेल तशी दारू उचलत राहिला.

आठवा प्रसंग पंख्यावरच्या चित्राची स्तुती करण्याचा. पंख्यावर रंगवलेल्या प्राचीन एकांतवासींवर ताओने खरोखरच स्तुतिपद्यं लिहिली होती. त्यात कन्फ्यूशियसच्या काळी नदीकाठी शेत नांगरणारे आणि त्याच्या शिष्याला चार शब्द सुनावणारे दोन शेतकरीही आहेत. म्हणजे एका जुन्या कवीचा गौरव करणारा चित्रकार त्या कवीला त्याच्याहून जुन्यांच्या चित्राचा गौरव करताना दाखवतो.

नवव्यात ताओ भेट नाकारतो. दहाव्यात भीक मागतो. अकराव्यात दारू गाळतो, आणि तीही डोक्याला बांधायच्या फडक्याने. चरित्रात लिहिलंय, की गाळून झाल्यावर तो तेच फडकं पुन्हा डोक्याला बांधायचा.

प्रसंग आयुष्याच्या क्रमाने लावलेले नाहीत. घरी परतणं आधी आणि राजीनामा नंतर येतो. नवव्या आणि दहाव्याची जोडी मात्र जाणून लावलेली दिसते: आयतं आलेलं धान्य परत पाठवायचं आणि मग दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं.

त्याने नाकारलेली ती भेट कुणाची होती?

थान दाओजी या प्रांताधिकाऱ्याची. इ.स. ४२० मध्ये जिन राजवट संपली आणि एका सेनापतीने गादी घेऊन नवं घराणं सुरू केलं. थान हा त्या नव्या घराण्याचा माणूस. तो भेटायला आला तेव्हा म्हातारा ताओ कित्येक दिवस उपाशी, अंथरुणाला खिळलेला होता. थान म्हणाला, काळ वाईट असला की शहाणी माणसं लपतात, चांगला असला की बाहेर येतात. आता तर चांगले दिवस आहेत, मग स्वतःचे हाल का करून घेता? ताओ म्हणाला, शहाण्यांशी बरोबरी करायची माझी पोच नाही. थानने दिलेलं धान्य आणि मांस त्याने हात हलवून परत पाठवलं.

हा प्रसंग लक्षात राहू द्या. खाली त्याची गरज पडेल.

खेड्यातल्या जीवनाचं चित्र आहे, मग डोंगर-नद्या कुठे आहेत?

जवळजवळ नाहीतच. चिनी चित्र म्हणजे धुक्यातले डोंगर, पाइन, एक होडी, ही आपली अपेक्षा इथे फसते. कोऱ्या रेशमावर माणसं आहेत आणि त्यांच्याभोवती गरजेपुरत्या वस्तू. ताओचं शेत, झोपडी, गावाची गल्ली दाखवण्यात चेनला रस नाही. त्याला एक माणूस वारंवार 'नको' म्हणताना दाखवायचाय. म्हणून या गुंडाळीला मी ग्रामीण जीवनाचं चित्र म्हणत नाही. सत्तेच्या दारातून परत फिरल्यावर माणसाचं काय होतं, त्याचं हे चित्र आहे, आणि त्यात भूकही धरली आहे.

सहाव्या प्रसंगावर चेनने लिहिलेल्या ओळीचा आशय असा: तोंडात घास पडावा म्हणून आला, कंबर वाकवायची वेळ आली तेव्हा गेला, गोंधळाच्या काळातलं येणं-जाणं ते हे. 'गोंधळाचा काळ' हे शब्द १६५० मध्ये वाचणाऱ्याला पाचव्या शतकात शोधावे लागले नसते.

चेहरे आणि कपडे इतके विचित्र का?

लांबोडका चेहरा, मोठं डोकं, कपड्यांच्या रेघा गोल वळणं घेत सलग वाहणाऱ्या. हे सगळं मुद्दाम आहे. चेन जुन्या शैलींकडे जाणूनबुजून वळला होता, पण त्यांची नक्कल करत नव्हता. त्याच्या लहानपणची एक गोष्ट सांगतात. हांगचौच्या सरकारी विद्यालयात कन्फ्यूशियसच्या ७२ शिष्यांची, सोंग काळातल्या ली गोंगलिन या चित्रकाराच्या चित्रांवरून कोरलेली शिळाचित्रं होती. चेनने त्यांचे ठसे घेतले, दार बंद करून दहा दिवस त्यांवरून चित्रं काढली आणि लोकांना दाखवली. हुबेहूब आहेत, लोक म्हणाले. तो खूश झाला. आणखी दहा दिवस काढली. आता तशी दिसत नाहीत, लोक म्हणाले. तो आणखीच खूश झाला.

शिवाय अतिशयोक्तीत थोडी थट्टाही आहे. ताओचा ताठपणा कधी भव्य वाटतो, कधी अंमळ हास्यास्पद. राजीनामा देताना तो फारच रुबाबात उभा आहे. चेनला आपल्या नायकाबद्दल आदर होता, पण त्याने त्याचा देव केला नाही.

'विद्वानांची चित्रकला' म्हणजे काय, आणि चेन तीत बसतो का?

पोटासाठी चित्रं न काढणाऱ्या, शिकलेल्या, अधिकारी वर्गातल्या लोकांची चित्रकला. सू शीच्या काळापासून तिचा सिद्धांत तयार होत गेला: हुबेहूबपणा ही पोरकट कसोटी, कुंचल्याच्या फटकाऱ्यात माणसाचं मन दिसलं पाहिजे, कविता, सुलेखन आणि चित्र ही सख्खी भावंडं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दोंग छीछांगने या परंपरेची आणि व्यावसायिक चित्रकारांची पद्धतशीर वंशावळच मांडली.

चेन या चौकटीत अर्धाच बसतो. १५९८च्या सुमारास चच्यांग प्रांतात झूजीला जन्म, चांगल्या घरातला, कवी, मोठ्या तत्त्वज्ञांचा शिष्य. पण सरकारी नोकरीच्या परीक्षांच्या खालच्या पायरीवरच अडकला. नाटकांच्या पुस्तकांसाठी आणि दारू पिताना खेळायच्या पत्त्यांसाठी त्याने काढलेली चित्रं लाकडी ठशांवरून छापली जात. उतारवयात तर चित्रं विकूनच घर चालवलं. विद्वान म्हणवून घेण्याची हौस आणि बाजारात उभं राहण्याची गरज, दोन्ही त्याच्या नशिबी आली.

१६५० साली चीनमध्ये काय चाललं होतं?

१६४४ मध्ये बीजिंगमध्ये मिंग राजवट कोसळली, उत्तरेकडून मांचू आले आणि त्यांनी छिंग घराण्याची सत्ता बसवली. पुढच्या दोन वर्षांत ते दक्षिणेत उतरले. चेनचे एक गुरू लिऊ झोंगचौ यांनी १६४५ मध्ये अन्नत्याग करून प्राण सोडले. दुसरे गुरू ह्वांग दाओचौ लढले, पकडले गेले आणि १६४६ मध्ये नानजिंगला त्यांचा शिरच्छेद झाला.

चेन मेला नाही. त्या वर्षी तो मांचू सैन्याच्या हाती सापडला. सेनापतीने चित्र काढायला सांगितलं, नाही काढलं. तलवार उपसली, तरी नाही. मग दारू आणि बायका पुढे केल्या, तेव्हा काढलं, असं त्याचा एक चरित्रकार लिहितो. त्यानंतर शाओशिंगजवळच्या डोंगरातल्या मठात त्याने मुंडण केलं आणि स्वतःला 'उशिरा पस्तावलेला' अशा अर्थाचं नाव घेतलं. काही काळाने मठातून बाहेर आला. १६५० मध्ये तो हांगचौला चित्रं विकत होता.

चित्र कुणासाठी काढलं?

चौ लियांगगोंगसाठी. या सगळ्या कहाणीचा खरा पेच इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

चौचे वडील झूजीला अधिकारी होते. तेव्हा पोरसवदा चौ आणि त्याच्याहून चौदाएक वर्षांनी मोठा चेन यांची ओळख झाली, दोघे जवळच्या धबधब्यांच्या डोंगरात भटकायला जात. पुढे १६४१ मध्ये बीजिंगला पुन्हा गाठ पडली, एका कविमंडळात दोघे एकत्र बसू लागले. चौ वरची परीक्षा पास झालेला, मिंग सरकारकडून पहिली नेमणूक मिळून शानदोंगला निघाला होता. निरोपाची भेट म्हणून चेनने त्याला काय दिलं? ताओ घरी परततोय याचं चित्र. नोकरीवर रुजू व्हायला निघालेल्या तरुणाला!

चौने ते हसून घेतलं असावं. तिकडे जाऊन त्याने मांचू हल्ल्यापासून आपलं शहर शर्थीने राखलं. पण १६४५ मध्ये मांचू सैन्य दक्षिणेत आलं तेव्हा त्याने शरणागती पत्करली आणि नव्या सरकारात रुजू झाला. फूजियान प्रांतात मोठ्या हुद्द्यावर गेला. मिंगशी निष्ठावान राहिलेल्या मित्रांसाठी यासारखी दुसरी लाज नव्हती.

चौ चित्रांचा वेडा संग्राहक. चेनची चित्रं त्याला हवीच होती. तो मागत राहिला. मागून मागून जीभ झिजली, पण हा कुंचला उचलेना, असं त्याने स्वतःच आपल्या चित्रकारांच्या आठवणींत लिहून ठेवलंय. १६५० मध्ये उत्तरेकडे जाताना तो हांगचौला चेनला भेटला. तेव्हाही समोरासमोर नकारच. गुंडाळीच्या पुष्पिकेनुसार, म्हणजे चित्रकाराने शेवटी लिहिलेल्या नोंदीनुसार, उन्हाळ्यात चौने चित्र मागितलं, त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस हांगचौच्या दिंगश्यांग पुलापाशी ते काढलं गेलं आणि भर हिवाळ्यात त्याच्याकडे पाठवलं. म्हणजे चौला अखेर चित्र मिळालं, आणि विषय पुन्हा तोच, ताओ. नऊ वर्षांपूर्वी एक प्रसंग दिला होता, आता अकरा.

मग हा टोमणा समजायचा का?

बहुतेक अभ्यासक त्याला मित्राने मित्राला दिलेला आडून सल्ला मानतात: अजून वेळ गेली नाही, शिक्का परत कर. नव्या राजवटीच्या अधिकाऱ्याची भेट परत पाठवणारा ताओ हा प्रसंग चेनने सहज निवडला असेल असं मलाही वाटत नाही. तरी चेनने कुठेही 'हे तुला उद्देशून आहे' असं लिहिलेलं नाही, आणि चित्राची ताकद त्यातच आहे. चौ ते चारचौघांत मिरवू शकत होता आणि कोणाही पाहुण्याला काही खटकलं नसतं.

निव्वळ टोमणा म्हणणं मला कमी वाटतं. उधारीची दारू, दुसऱ्याच्या दारातलं जेवण, हे चेनचं स्वतःचं १६५० सालचं आयुष्य होतं. गुरूंसारखं मरण पत्करता आलं नाही म्हणून स्वतःला 'पस्तावलेला' म्हणवणारा माणूस दुसऱ्याला उपदेश करताना ताठ मानेने कसा करणार? चौला दिलेल्या चित्रात तो स्वतःलाही धरून बसला आहे.

चौने सल्ला ऐकला का?

नाही. नोकरीत राहिला. पण दोघांमधला तिढा सुटला. दुसऱ्या वर्षी, १६५१ मध्ये, फूजियानला परतताना चौ पुन्हा हांगचौला थांबला. चेन आनंदाने म्हणाला, आता तुझ्यासाठी चित्रं काढायची वेळ आली. पुढचे अकरा दिवस तो चित्रं काढत सुटला: पुलावर, चौच्या बिऱ्हाडी, तळ्याकाठी, देवळात, नावेत. सोबत भाजी आणि शाओशिंगची काळपट दारू. मध्येच डोकं खाजवायचा, मध्येच पायाची बोटं, मध्येच कुणाला गाणं म्हणायला लावून दोन ओळींत थांबवायचा. लहान-मोठी मिळून ४२ चित्रं झाली, असं चौने लिहिलंय. वर्षभराच्या आतच, १६५२ मध्ये, चेन वारला. मरण जवळ आल्याचं त्याला कळलं होतं की काय, असा प्रश्न चौला नंतर पडला.

चौचं पुढे फारसं बरं झालं नाही. १६५५ पासून काही वर्षं तो आरोपांखाली अडकला, मृत्युदंडापर्यंत गोष्ट गेली आणि मग सुटला. १६७० मध्ये त्याने आपल्याच पुस्तकांचे छपाईचे ठसे आणि हस्तलिखितं जाळून टाकली. चित्रकारांच्या आठवणी मात्र त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या. वरचा बराच तपशील आपल्यापर्यंत आला तो त्यामुळे.

ताओची चित्रं आणखी कुणी काढली?

खूप जणांनी. तीनच सांगतो. वॉशिंग्टनच्या फ्रियर कलादालनात बाराव्या शतकाच्या सुरुवातीची, ली गोंगलिनच्या परंपरेतली गुंडाळी आहे. तीत 'घरी परतताना'चे प्रसंग सलग येतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात छियान श्वेनचं चित्र आहे: होडीत उभा ताओ, पलीकडे घर आणि दारातली झाडं. छियान सोंग राजवटीचा. मंगोलांनी ती राजवट संपवल्यावर त्याने कुणाची चाकरी केली नाही, तर त्याच्याच गावचा त्याचा मित्र चाओ मंगफू, आणि तो तर सोंग राजघराण्यातला, कुबलाईखानाच्या दरबारी गेला. म्हणजे चेन-चौ प्रकरणाची आवृत्ती त्यांच्या साडेतीनशे वर्षं आधीच होऊन गेली होती. तिसरा शिताओ, त्याचा ताओच्या कवितांवरचा चित्रसंच बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. मिंग राजघराण्यात जन्मलेला हा माणूस पुढे छिंग सम्राटाच्या दर्शनाला दोनदा गेला.

शेवंतीचं इतकं काय?

'दारू पिताना' या कवितांपैकी पाचवीत ताओ पूर्वेच्या कुंपणाशी शेवंती खुडतो आणि सहज दक्षिणेचा डोंगर दिसतो. ही ओळ इतकी गाजली, की पुढे चित्रात हातात शेवंती दिली की माणूस ताओ हे ठरून गेलं. शिवाय शेवंती थंडीच्या तोंडावर, बाकी फुलं गेल्यावर फुलते. नवव्या महिन्याच्या नवमीला शेवंतीची दारू प्यायची रीत होती. एका वर्षी ताओकडे त्या सणाला दारूच नव्हती, अंगणात फुलं घेऊन नुसता बसला होता, तेव्हा वांग होंग नावाच्या अधिकाऱ्याने पाठवलेला पांढऱ्या कपड्यांतला माणूस दारू घेऊन आला. ती त्याने घेतली. धान्य परत, दारू चालते!

गुंडाळी पाहायची कशी?

भिंतीवर टांगून नाही. टेबलावर ठेवून, डाव्या हाताने उलगडत, उजव्या हाताने गुंडाळत, एका वेळी दोन-अडीच फूट. दोन-तीन माणसांनी मिळून, मध्ये थांबत, बोलत. त्यामुळे भीक मागण्याचा प्रसंग समोर आला की राजीनाम्याचा रुबाब गुंडाळीत गेलेला असतो. संकेतस्थळावर अख्खी पट्टी एकदम दिसते, त्यात हा क्रम हरवतो. पडद्यावर पाहताना प्रतिमा मोठी करून उजवीकडून डावीकडे सरकवत न्या.

प्रत्यक्ष पाहता येईल का? भारतात असं काही आहे?

रेशमावरची चित्रं प्रकाशाने खराब होतात, म्हणून संग्रहालयं सहसा ती थोडे दिवस मांडून पुन्हा आत ठेवतात. होनोलुलूला जाणार असाल तर आधी विचारून जा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेली चिनी पोर्सेलीनची आणि जेडची उत्तम भांडी आहेत. विद्वानांच्या मेजावर काय असे याची थोडी कल्पना तिथे येते. गुंडाळीचित्रांसाठी मात्र बहुधा बाहेरच पाहावं लागेल.

ताओच्या कविता वाचायच्या तर सुरुवात कुठून?

शेतात परतल्याच्या पाच कवितांपासून, आणि पाचही सलग वाचा. पहिलीच वाचून थांबलात तर तण कळणार नाही. मग मुलांवरची कविता, भीक मागण्याची कविता, आणि त्यानंतर 'दारू पिताना'. 'पीच फुलांचा झरा' ही त्याची गोष्ट सगळ्यात प्रसिद्ध आहे: एक कोळी चुकून अशा गावात पोचतो जिथल्या लोकांना बाहेर किती राजवटी बदलल्या हे ठाऊकच नाही. ती मी शेवटी वाचायला सांगेन. भुकेची कविता आधी वाचली असेल तर ते गाव त्याने का रचलं असेल हे वेगळं सांगावं लागत नाही.